गुलाबी बोंडअळीची प्रतिकारक्षमता आणि प्रथिनांचे कार्यखंड

प्रस्तावना

बीटी कापसाचे हिरवे बोंड फोडल्यावर आत सरकी पोखरणारी जिवंत गुलाबी बोंडअळी आढळली, की शेतकरी कृषी सहायकाला एकच प्रश्न विचारतो : बियाणे बीटीचे असताना ही अळी जगली कशी? या प्रश्नाची तीन उत्तरे संभवतात. झाड मुळात बीटी नसेल. झाड बीटी असूनही त्या बोंडातील विषप्रथिनाचे प्रमाण अपुरे असेल. किंवा अळीतच असा बदल झाला असेल, की विषप्रथिन पोटात जाऊनही ते तिला बाधत नाही. पहिल्या दोन शक्यतांची तपासणी शेतात व साध्या प्रयोगशाळेत करता येते. तिसऱ्या शक्यतेचा उलगडा करण्यासाठी मात्र अळीच्या जनुकाचा आणि त्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनाचा अनुक्रम वाचावा लागतो व त्यातील नेमका कोणता कामाचा भाग निकामी झाला आहे, हे ओळखावे लागते.

प्रथिनातील अशा कामाच्या भागांना शास्त्रीय परिभाषेत डोमेन म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना ‘कार्यखंड’ म्हटले आहे. हे खंड कसे ओळखतात, गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत त्यातून काय उघड झाले आणि शेतावरील निर्णयासाठी त्याचा अर्थ काय, याचा परामर्श पुढे घेतला आहे.

पार्श्वभूमी

भारतात बीटी कापसाच्या लागवडीस मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्या वाणांत क्राय-१एसी हे एकच विषप्रथिन होते. २००६ पासून क्राय-१एसी व क्राय-२एबी अशी दोन विषप्रथिने असलेले वाण आले. पुसा, नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या कीटकशास्त्र विभागातील संजय धुरुआ व गोविंद गुजर यांनी २००७-०८ व २००८-०९ या हंगामांत देशातील निरनिराळ्या ठिकाणच्या गुलाबी बोंडअळ्यांची जैवचाचणी घेतली. निम्म्या अळ्या मरण्यासाठी लागणारी क्राय-१एसीची मात्रा, गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातून २००८ मध्ये आणलेल्या समूहात, सर्वांत संवेदनशील समूहाच्या ४४ पट आढळली. दोन्ही विषप्रथिने असलेल्या सरकीच्या भुकटीला मात्र हा समूह किंचितच कमी बळी पडत होता. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसऱ्या विषप्रथिनाचे कवचही पुढे टिकले नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या अभ्यासांतून क्राय-२एबीलाही अळी दाद देत नसल्याचे स्पष्ट झाले. २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यातील कापूस उत्पादकांनी या किडीचा मोठा फटका सोसला. २०२१ मध्ये पंजाब, हरियाणा व राजस्थानच्या कापूस पट्ट्यातही तिचा तीव्र प्रादुर्भाव झाला. हरियाणातील कापूस पिकवणारा जिंद जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. याचा अर्थ, अमरेलीच्या अळीत पुसाच्या प्रयोगशाळेने जे पाहिले, तो प्रश्न आता दिल्लीच्या दारात आला आहे.

कार्यखंड म्हणजे काय?

पाभरीचे उदाहरण घेतल्यास ही कल्पना स्पष्ट होते. चाडे बी घेते, नळ्या ते खाली नेतात आणि फण जमीन फोडून ते मातीत पोहोचवतो. प्रत्येक भागाचे काम वेगळे, पण पेरणी होते ती सर्वांच्या मेळाने. फण मोडला, तर चाडे व नळ्या धड असूनही पेरणी होत नाही. प्रथिनाचेही असेच आहे. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची ही लांब साखळी ठिकठिकाणी घड्या घालून स्वतंत्र गोळे तयार करते. साधारणतः ५० ते २५० अमिनो आम्लांचा असा एक गोळा म्हणजे एक कार्यखंड होय. एखादा खंड दुसऱ्या प्रथिनाला चिकटतो, एखादा पेशीपटलात रुततो, तर एखादा ऊर्जा देणाऱ्या एटीपी रेणूला धरतो. निसर्गाने हेच खंड उलटसुलट जोडून हजारो प्रथिने घडवली आहेत. त्यामुळे एका प्रथिनातील खंडाचे कार्य माहीत असल्यास, दुसऱ्या प्रथिनात तोच खंड दिसताच त्याच्या कामाचा अंदाज बांधता येतो.

डीएनएच्या पातळीवर हा मजकूर ए, टी, जी व सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. तीन अक्षरांचे एक त्रिक एका अमिनो आम्लाची खूण होय. मात्र कीटकाच्या जनुकात हा मजकूर सलग नसतो. अर्थपूर्ण तुकड्यांना एक्झॉन आणि मधल्या तुकड्यांना इंट्रॉन म्हणतात. जनुकाची प्रत आरएनएच्या रूपात काढल्यावर पेशी इंट्रॉन कापून टाकते व एक्झॉन एकमेकांना जोडते. बहुतेक इंट्रॉनच्या आरंभी जीटी व शेवटी एजी ही अक्षरे असतात; तीच कापणीची खूण. ही खूण बिघडली, तर एखादा एक्झॉन जोडणीतून सुटतो आणि त्यासोबत प्रथिनाचा एखादा भागही गळतो. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत नेमके हेच महत्त्वाचे ठरले.

अनुक्रमातून कार्यखंड ओळखण्याच्या पायऱ्या

१) वाचनचौकट ठरविणे : डीएनएचा कोणताही तुकडा सहा प्रकारे वाचता येतो, एका बाजूने तीन व उलट बाजूने तीन. चौसष्ट त्रिकांपैकी टीएए, टीएजी व टीजीए ही तीन विरामाची असतात. अर्थहीन मजकुरात सरासरी दर एकवीस त्रिकांमागे एक विराम येणे अपेक्षित असते. म्हणून शेकडो त्रिके विराम न येता सलग वाचता आली, तर तेथे प्रथिनाचा मजकूर असण्याची शक्यता बळावते.

२) साम्यशोध : मिळालेला अनुक्रम जगभरच्या संग्रहातील ज्ञात अनुक्रमांशी ताडून पाहिला जातो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली ब्लास्ट ही संगणकीय पद्धत यासाठी सर्वाधिक वापरली जाते. तिच्या उत्तरात ‘ई-मूल्य’ दिलेले असते. एवढे साम्य त्या संग्रहात केवळ योगायोगाने किती वेळा सापडले असते, याचा तो अंदाज होय. हे मूल्य शून्याच्या जितके जवळ, तितके साम्य विश्वासार्ह. १ किंवा त्याहून अधिक मूल्य असलेले साम्य पुरावा म्हणून धरू नये.

३) खंडांच्या नमुन्याशी तुलना : दूरचे नाते असलेल्या प्रथिनांत सरळ साम्य कमी उरते. तेथे एकाच खंडाचे शेकडो नमुने एकाखाली एक मांडून, कोणती जागा कधीच बदलत नाही व कोणती सहज बदलते, याचा सांख्यिकीय आराखडा तयार करतात. पीफॅम व इंटरप्रो या संग्रहांत असे हजारो आराखडे आहेत. कीड ओळखण्याशी याची तुलना करता येईल. गुलाबी बोंडअळी लहानपणी पांढुरकी असते. गुलाबी छटा नंतर येते. केवळ रंगावर विसंबणारा माणूस लहान अळीला चुकतो. डोके, अंगावरील खुणा, बोंडातील जागा व खाण्याची रीत अशी अनेक लक्षणे एकत्र पाहणारा सहसा चुकत नाही. खंडाचा आराखडाही असाच लक्षणसमुच्चय असतो.

४) क्रम व पूर्णता पाहणे : खंड सापडला एवढ्यावर थांबू नये. तो पूर्ण आहे का, त्याच्या पुढेमागे अपेक्षित खंड आहेत का आणि मध्येच विराम आला आहे का, हे पाहावे. प्रतिकारक्षमतेच्या अभ्यासात ही पायरी निर्णायक ठरते.

५) त्रिमितीय रचना : अल्फाफोल्डसारख्या साधनांनी २०२१ पासून प्रथिनाच्या घडीचा अंदाज बांधणे सुलभ झाले आहे. तरीही तो अंदाजच असतो. प्रयोगाची जागा तो घेत नाही.

छोट्या खुणेवर विसंबण्याचा धोका

एटीपी धरणाऱ्या अनेक प्रथिनांत आठ अमिनो आम्लांचा एक प्रसिद्ध खूणक्रम असतो. जॉन वॉकर व सहकाऱ्यांनी तो १९८२ मध्ये वर्णिला. पहिल्या जागी अ‍ॅलॅनिन किंवा ग्लायसिन, पुढे कोणतीही चार अमिनो आम्ले, मग ग्लायसिन, मग लायसिन आणि शेवटी सेरीन किंवा थ्रिओनिन, असे त्याचे स्वरूप आहे.

हा क्रम निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता काढून पाहू. वीसही अमिनो आम्ले सारख्याच प्रमाणात येतात असे धरल्यास ती दहात एक, वीसात एक, वीसात एक व दहात एक यांचा गुणाकार, म्हणजे ४०,००० मध्ये १ इतकी येते. ही शक्यता नगण्य वाटते. परंतु समजा, एखाद्या कीटकात सरासरी ४०० अमिनो आम्लांची १५,००० प्रथिने आहेत. म्हणजे तपासण्याच्या जागा सुमारे ६० लाख झाल्या आणि योगायोगाने जुळणाऱ्या खुणा सुमारे १५०. तात्पर्य, छोटी खूण दिसली म्हणजे कार्य सिद्ध झाले असे नव्हे. पूर्ण कार्यखंड, त्याची शेजारची रचना आणि प्रत्यक्ष प्रयोग यांचा मेळ बसल्यावरच निष्कर्ष काढावा.

बीटी विषप्रथिनाचे तीन खंड

क्राय प्रथिनांच्या अनुक्रमांत वारंवार आढळणारे पाच संरक्षित पट्टे हॉफ्टे व व्हाइटली यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. १९९१ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी क्राय-३ए या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा त्या पट्ट्यांमागील तीन कार्यखंड स्पष्ट झाले.

पहिला खंड सात मळसूत्री सळ्यांच्या जुडीसारखा असतो. एक सळी मध्यभागी व सहा तिच्याभोवती. आतड्याच्या पेशीपटलाला छिद्र पाडण्याचे काम याच्याकडे असते. दुसरा खंड पेशीवरील ग्राही प्रथिन ओळखून त्याला चिकटतो. तिसरा खंड रचनेला स्थैर्य देतो व चिकटण्यातही भाग घेतो. क्राय-१एसीच्या तिसऱ्या खंडात तर आतड्यातील अमिनोपेप्टिडेज-एन या प्रथिनावरील विशिष्ट शर्करा धरण्याची सोय आहे. पीफॅममध्ये या तिन्ही खंडांचे स्वतंत्र आराखडे आहेत. जिवाणूच्या नव्या वाणाचा अनुक्रम हाती आल्यावर हे तिन्ही आराखडे क्रमाने जुळतात का, हेच प्रथम पाहिले जाते.

खंड वेगळे असल्याचा व्यावहारिक पुरावाही आहे. क्राय-१एबीचा तिसरा खंड काढून त्याजागी क्राय-१सीचा खंड बसवल्यावर, ते संकरित प्रथिन बीट आर्मीवर्म या लष्करी अळीच्या जातीवर अधिक प्रभावी ठरल्याचे १९९६ मध्ये दाखविण्यात आले. मक्यात वापरले जाणारे क्राय-१ए.१०५ हेही निरनिराळ्या क्राय प्रथिनांचे खंड जोडूनच घडवलेले आहे.

नावावरून नाते ओळखणे

क्राय प्रथिनांची नावे १९९८ पासून अनुक्रमाच्या साम्यावर ठरविली जातात. ढोबळमानाने, नावातील पहिला अंक वेगळा असल्यास साम्य ४५ टक्क्यांहून कमी असते. अंक तोच, पण पुढचे मोठे अक्षर वेगळे असल्यास ते ७८ टक्क्यांहून कमी, आणि केवळ शेवटचे लहान अक्षर वेगळे असल्यास ७८ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान असते. म्हणजे क्राय-१एबी व क्राय-१एसी ही सख्खी भावंडे आहेत, तर क्राय-१एसी व क्राय-२एबी हे दूरचे नातलग. दूरच्या नातलगांचे ग्राही प्रथिन वेगळे असण्याची शक्यता अधिक. म्हणूनच ही दोन विषप्रथिने एकत्र देण्यामागे शास्त्रीय आधार होता. एकाला टिकणारी अळी दुसऱ्याने मरावी, ही अपेक्षा होती. पण पहिल्या विषप्रथिनाचा प्रतिकार अळीत रुजल्यावर दुसऱ्याला प्रत्यक्षात एकट्यानेच लढावे लागले.

२०२० मध्ये या नामकरणात सुधारणा झाली. क्राय हे नाव आता तीन खंडांच्या रचनेच्या प्रथिनांपुरते राखले असून, वेगळ्या रचनेच्या प्रथिनांना वेगळी उपसर्गनावे दिली आहेत. उदाहरणार्थ, पूर्वीची क्राय-३४ व क्राय-३५ ही प्रथिने आता जीपीपी-३४ व टीपीपी-३५ म्हणून ओळखली जातात. नावानेच रचना सांगावी, हा त्यामागील हेतू होय.

अळीच्या बाजूचा बिघाड : कॅडेरिन

विषप्रथिन कुलपात फिरणारी किल्ली मानली, तर अळीच्या आतड्यातील ग्राही प्रथिन हे कुलूप होय. क्राय-१एसीसाठी कॅडेरिन हे असे एक महत्त्वाचे कुलूप आहे. पतंगवर्गीय किडींत त्याचा अनुक्रम वाचल्यास पुढील क्रम दिसतो : आरंभी प्रथिनाला पेशीपटलाकडे नेणारा संकेतखंड, मग सुमारे ११० अमिनो आम्लांच्या एकसारख्या खंडांची लांबलचक माळ, त्यानंतर पटलालगतचा भाग, पटलात रुतणारा खंड आणि शेवटी पेशीच्या आत राहणारे टोक. विषप्रथिन चिकटण्याच्या महत्त्वाच्या जागा माळेच्या पटलाकडील भागात आहेत. विराम संकेत पटलात रुतणाऱ्या खंडाच्या आधीच आला, तर कॅडेरिन पटलाला बांधले जात नाही. विषप्रथिनाला पकडायला तेथे काही उरतच नाही.

अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत निवडलेल्या प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्यांत कॅडेरिनची बिघडलेली चार जनुकरूपे शोधली होती. भारतीय अळ्यांतही तीच असतील, अशी अपेक्षा होती. त्यासाठी भारतातील सात समूहांतील ४३६ कीटकांच्या डीएनएची तपासणी झाली. त्या चारपैकी एकही जनुकरूप एकाही कीटकात आढळले नाही.

येथेच थांबले असते, तर ‘कॅडेरिनचा संबंध नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. परंतु संशोधकांनी ठरावीक खुणा शोधणे सोडून कॅडेरिनचा अनुक्रमच वाचून काढला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, क्राय-१एसीच्या प्रतिकाराशी निगडित अशी आठ नवी, गंभीररीत्या बिघडलेली जनुकरूपे भारतीय अळ्यांत आढळली. त्यांच्यापासून आरएनएच्या एकूण १९ निरनिराळ्या प्रती तयार होत होत्या. प्रत्येक प्रतीत अकाली विराम होता, किंवा किमान ९९ अक्षरांचा तुकडा गळालेला होता, किंवा दोन्ही दोष होते. ९९ अक्षरे म्हणजे ३३ त्रिके, अर्थात ३३ अमिनो आम्ले. माळेतील एका मण्याचा जवळपास तिसरा हिस्सा. आठपैकी सात जनुकरूपांतून प्रत्येकी दोन वा अधिक प्रती निघत होत्या. एकाच जनुकाची जोडणी वेगवेगळ्या रीतीने होत असल्याचे हे लक्षण होय.

कुलूप एकच होते. ते मोडण्याच्या रीती मात्र अ‍ॅरिझोनात वेगळ्या आणि भारतात वेगळ्या निघाल्या. कार्यखंड समजून न घेता केवळ ठरावीक खुणा शोधणारी चाचणी अशा वेळी खोटा दिलासा देते.

दुसरे कुलूप : एबीसीए-२

क्राय-२एबीच्या बाबतीत चित्र काहीसे वेगळे आहे. येथे एबीसीए-२ हे पेशीपटलातून पदार्थांची ने-आण करणारे प्रथिन महत्त्वाचे ठरते. त्याच्या रचनेत पटलात रुतलेले दोन खंड व एटीपी धरणारे दोन खंड असतात; वर उल्लेखिलेला वॉकर यांचा खूणक्रम या एटीपी-खंडांतच असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अ‍ॅरिझोनातील प्रयोगशाळेत निवडलेल्या अळ्या आणि भारतातील शेतातून आलेल्या अळ्या, या दोहोंतही याच जनुकात बिघाड आढळला. सर्वाधिक आढळलेला दोष होता चुकीच्या जोडणीमुळे सहावा एक्झॉन गळण्याचा, आणि तो दोन्ही देशांत सापडला. म्हणजे या जनुकावर लक्ष ठेवल्यास क्राय-२एबीच्या प्रतिकाराची चाहूल लागण्यास मदत होऊ शकते. मात्र कॅडेरिनचा धडा विसरून केवळ सहाव्या एक्झॉनवर विसंबणे योग्य होणार नाही.

कुलूप मोडण्याचा आणि आश्रयपिकाचा संबंध

प्रत्येक अळीत जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. कॅडेरिनच्या बिघाडात कार्य नष्ट होते. म्हणून एक प्रत जरी धड असली, तरी आतड्यात काही कुलपे शाबूत राहतात, विषप्रथिन चिकटते आणि बीटी बोंडातील अळी सहसा मरते. दोन्ही प्रती बिघडल्या, तरच ती जगते. त्या दोन प्रतींतील बिघाड एकाच प्रकारचा असणेही आवश्यक नाही. आठपैकी कोणतेही दोन एकत्र आले तरी पुरते.

बीटीविरहित कापसाच्या आश्रयपिकाचे शास्त्रीय कारण नेमके हे आहे. तेथे वाढलेल्या पतंगांत धड प्रती असतात. बीटी शेतातून निघालेल्या मोजक्या प्रतिकारक्षम पतंगांचा त्यांच्याशी संकर झाला, की पुढच्या पिढीतील अळ्यांत एक तरी धड प्रत येते. परवानगीच्या वेळी एकूण क्षेत्राच्या २० टक्के किंवा कडेच्या पाच ओळी, यांपैकी जे अधिक असेल तेवढे बीटीविरहित कपाशीचे क्षेत्र ठेवण्याची अट होती. प्रत्यक्षात ही अट फार थोड्या शेतांत पाळली गेली. अ‍ॅरिझोनात आश्रयपीक व पुढे वंध्य पतंग सोडण्याची मोहीम यांची जोड मिळाली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस क्षेत्रातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. विषप्रथिन तेच होते, कीडही तीच होती. फरक व्यवस्थापनात होता.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक मुद्दे

१) झाडाची खात्री आधी करावी. पट्टी चाचणीने पानातील वा सरकीतील क्राय प्रथिनाचे अस्तित्व कळते. ही पट्टी प्रथिनाचा एखादा लहानसा भाग ओळखते. त्यामुळे प्रथिन आहे एवढेच ती सांगते. ते पुरेसे आहे किंवा अळीवर परिणामकारक आहे, हे ती सांगत नाही.

२) सरकीतील विभाजन लक्षात घ्यावे. संकरित बीटी झाडाला प्रत्येक विषप्रथिनाच्या जनुकाची साधारणतः एकच प्रत मिळालेली असते. त्यामुळे त्याच्या बोंडातील दर १६ सरक्यांपैकी सरासरी ९ मध्ये दोन्ही, ६ मध्ये कोणतेतरी एक आणि एका सरकीत एकही विषप्रथिन नसते. सरकी खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीला एकाच बोंडात हे सर्व प्रकार मिळतात. बोंडात जिवंत अळी सापडणे हा म्हणून प्रतिकारक्षमतेचा एकमेव पुरावा मानू नये.

३) नमुना योग्य रीतीने पाठवावा. जैवचाचणीसाठी जिवंत अळ्या लागतात. त्या बोंडांसह हवेशीर डब्यात, शक्य तितक्या लवकर पोहोचवाव्यात. डीएनए तपासणीसाठी अळ्या ९५ टक्के वा अधिक तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. जोडणीतील दोष आरएनएवरच दिसतात आणि आरएनए लवकर नाश पावते. त्यासाठी नमुना कसा जतन करावा, हे प्रयोगशाळेला आधीच विचारावे. गाव, वाण, पेरणीची तारीख, नमुन्याची तारीख व पट्टी चाचणीचा निकाल यांची नोंद सोबत जोडावी. नोंदीविना आलेल्या अळीचा अनुक्रम वाचूनही शेतावरील निर्णयासाठी त्याचा उपयोग होत नाही.

४) अहवाल काळजीपूर्वक वाचावा. ‘ज्ञात उत्परिवर्तन आढळले नाही’ याचा अर्थ ‘अळी संवेदनशील आहे’ असा नव्हे. ४३६ कीटकांचे उदाहरण कायम स्मरणात ठेवावे. तपासणीत केवळ ठरावीक खुणा पाहिल्या की संपूर्ण जनुक वाचले, आणि जैवचाचणी झाली का, हे अवश्य विचारावे.

५) ‘नवे जनुक’ असा दावा झाल्यास नाव विचारावे. कोणते विषप्रथिन, कोणत्या गटातील, आणि सध्याच्या विषप्रथिनांपेक्षा त्याचे ग्राही प्रथिन वेगळे असल्याचा पुरावा आहे का? नाव क्राय-१ए ने सुरू होत असेल, तर ते जुन्याच घराण्यातील आहे हे ओळखावे. शासनमान्यता नसलेले बियाणे कोणत्याही दाव्यावर घेऊ नये.

६) अहवालाची वाट पाहत व्यवस्थापन थांबवू नये. कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री सरासरी ८ पतंग प्रति सापळा आढळल्यास, अथवा फुले किंवा हिरव्या बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव दिसल्यास शिफारशीनुसार उपाय योजावेत. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात. फरदड घेऊ नये. हंगाम वेळेवर संपवून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी. जिनिंग व तेल गिरण्यांच्या परिसरातील सरकीतूनही पतंग निघतात. तेथेही सापळे लावावेत. फवारणी करताना संरक्षक साधने वापरावीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील सुविधा

अनुक्रम वाचण्यासाठी यंत्राइतकीच संगणकाची व संग्रहाची गरज असते. नवी दिल्लीच्या पुसा परिसरात भारतीय कृषी संशोधन संस्था, राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संस्था आणि भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था एकमेकांलगत आहेत. सांख्यिकी संस्थेत कृषी जैवमाहितीशास्त्रासाठी ‘अशोका’ ही महासंगणन सुविधा आहे. फरिदाबाद येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय जैविक माहिती केंद्राचे उद्घाटन झाले; देशात निर्माण होणारे अनुक्रम देशातच जतन करणे हा त्याचा उद्देश आहे. भारतीय अळ्यांतील बिघाड अ‍ॅरिझोनातील बिघाडापेक्षा निराळे निघतात, तेव्हा आपल्या शेतातील किडींचे अनुक्रम आपल्या संग्रहात असण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

समारोप

अनुक्रम म्हणजे अक्षरांची नुसती रांग नव्हे. तिच्यातील कामाचे खंड ओळखता आले, तरच ती काही सांगू लागते. कार्यखंडांच्या वाचनामुळे तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. क्राय-१एसी व क्राय-२एबी यांची कुलपे वेगळी आहेत. अळीने ही कुलपे अनेक रीतींनी मोडली आहेत. आणि कुलूप मोडणे हा कार्याचा नाश असल्याने धड प्रती असलेले पतंग शिवारात टिकवणे, हा त्यावरील उपाय आहे. यांतील पहिल्या दोन गोष्टी प्रयोगशाळेने शोधल्या. तिसरी प्रत्यक्षात आणण्याचे काम शेतकरी व विस्तार कार्यकर्ते यांच्याच हाती आहे. पुढील काळात कापसात नवे विषप्रथिन आले, तरी आश्रयपीक, वेळेवर हंगामसमाप्ती व सातत्यपूर्ण जैवचाचणी यांची जोड नसेल, तर त्याचेही कुलूप मोडल्याची नोंद काही वर्षांनी एखाद्या अनुक्रमात वाचावी लागेल.